चोर्ल्याची आडवाट

बेळगावहून समुद्राकडे उतरावयाचे म्हटले की सह्याद्री आडवा येतो, आणि त्याला ओलांडण्यासाठी माणसांनी निरनिराळ्या काळांत निरनिराळ्या वाटा पाडल्या आहेत. उत्तरेकडची आंबोलीची वाट त्यांतली सर्वांत प्रतिष्ठित. ती सावंतवाडीवरून वेंगुर्ल्याच्या बंदराकडे जाते, आणि बंदराच्या त्या जुन्या महत्त्वाची खूण म्हणून बेळगावात आजही वेंगुर्ला रोड आहे. दक्षिणेकडे खानापूर, लोंढा, रामनगर करीत अनमोडचा घाट उतरून मोले गाठता येते. तिलारीचा घाट इतका उभा की त्याच्या चढणीवर धडधाकट मोटारीचीही दमछाक होते. या सर्वांच्या मधोमध जांबोटी-कणकुंबीवरून साखळीकडे उतरणारा चोर्ल्याचा घाट आहे. बेळगावची मंडळी अलीकडे पणजीला जाताना बहुधा हाच रस्ता धरतात. शंभर-सव्वाशे किलोमीटरांची वाट. तीन तासांत माणूस घाटमाथ्यावरून खाडीकाठी येतो, आणि बहुतेकांना चोर्ल्याविषयी एवढेच ठाऊक असते.

वास्तविक चोर्ला हे नुसते ओलांडून जाण्याचे ठिकाण नव्हे. कर्नाटक, महाराष्ट्र आणि गोवा या तीन राज्यांच्या सीमा येथे एकमेकींना भिडल्या आहेत. त्याहून जुनी अशी आणखी एक सीमा तेथे आहे, ती पाण्याची. कणकुंबीच्या माउलीच्या देवळापाशी मलप्रभा उगम पावते आणि समुद्र पश्चिमेला सुमारे पन्नास किलोमीटरांवर असताना त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेला चालू लागते. खानापुरावरून, सौंदत्तीजवळच्या नविलुतीर्थाच्या धरणातून, पट्टदकलच्या चालुक्यकालीन मंदिरांच्या पायाशी वळसा घेऊन, तीनशे किलोमीटर चालून ती कूडलसंगमाला कृष्णेच्या स्वाधीन होते. तिचे पाणी शेवटी मिळते ते बंगालच्या उपसागराला. आणि याच कणकुंबी-चोर्ल्याच्या माथ्यावर चार पावले पलीकडे पडलेला पाऊस घाटावरून उड्या घेत केरी, साखळीकडे उतरतो, वाळवंटी होतो, मांडवीत शिरतो आणि पणजीपाशी अरबी समुद्राला मिळतो. भूगोलाच्या पुस्तकात याला जलविभाजक म्हणतात. मी तो शब्द पंचवीस-तीस वर्षे मुलांना शिकवीत आलो. तो डोळ्यांनी पाहण्याचा योग मात्र परवाच्या भाद्रपदात आला, आणि तोही वाट हरवली म्हणून.

निमित्त आमच्या अक्काचे होते. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिचे माहेर खानापूर, म्हणजे मलप्रभेचा काठ. सासर साखळी, म्हणजे वाळवंटीचा काठ. डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी ती महिनाभर बेळगावला आमच्याकडे राहिली होती. चतुर्थी दोन दिवसांवर आली तशी तिच्या जिवाला थारा राहिला नाही. गोव्यात चतुर्थीच्या आधी माटोळी बांधतात. इंदूर-बडोद्याकडच्या वाचकांसाठी सांगावयाचे तर गणपतीच्या डोक्यावर लाकडी पट्ट्यांची चौकट टांगून तिला नारळ, सुपारीचे घोस, काकड्या आणि रानातली नाना फळे बांधावयाची, ही ती माटोळी. आपल्या घरची माटोळी दुसऱ्या कोणी बांधावी, ही कल्पनाच अक्काला सोसणारी नव्हती. तेव्हा तयेच्या आदल्या दिवशी, दुपारी जेवण आटोपून, आमच्या चिरंजीवांनी गाडी काढली. ते चालवीत होते, मी शेजारी आणि अक्का मागे पिशव्यांच्या गराड्यात. अंधार पडण्यापूर्वी घाट उतरावयाचा, ही तिची एकच अट होती.

कुसमळीच्या पुलावर मलप्रभा लागली. गढूळ, तुडुंब. अक्काने मागून हात जोडले. जांबोटी सोडली आणि झाडी दाट होऊ लागली; रस्त्याच्या कडेला तेरड्याचे गुलाबी पट्टे आणि मधूनच सोनकीचे पिवळे ठिपके. कणकुंबीच्या अलीकडे पाऊस थांबला, पण त्याच्या जागी धुके आले. या भागातील धुके महाबळेश्वरच्या चित्रातल्यासारखे शोभेचे नसते. ते गाडीच्या काचेला चिकटून बसते. दिवे लावले तरी पुढे पांढरी भिंत, न लावले तरी तीच. चिरंजीवांचा सगळा भरवसा हातातल्या मोबाइलवरील नकाशावर. कणकुंबीच्या पुढे एका फाट्यावर वेलींनी गिळलेला एक फलक होता. त्यावरची अक्षरे मराठी की कानडी, एवढेसुद्धा कळण्याची सोय नव्हती. नकाशातल्या बाईने वळण्यास सांगितले, चिरंजीव वळले, आणि दोन मिनिटांत त्या बाईचा आवाज बंद पडला. रेंज गेली होती.

रस्ता अरुंद होत गेला. डांबर होते, पण त्याच्या मधोमध गवताची शेंडी उगवलेली. समोरून एकही गाडी येईना. गोव्याच्या रस्त्यावर पाच मिनिटे एकही गाडी दिसू नये, याचा अर्थ तिघांनाही कळला होता. बोलले मात्र कोणी नाही. गाडी वळवावी तर वळवण्याएवढी जागा नाही. शेवटी अक्कानेच कोंडी फोडली. "आता चुकलोच आहोत, तर नीट चुकूया. कुठेतरी माणूस भेटेलच." ती पुढे झुकली आणि खिडकीची काच तिने खाली केली.

काच खाली झाली आणि सगळा प्रवासच बदलला. तोवर आम्ही नुसते पाहत होतो. आता ऐकू येऊ लागले. चहूकडून पाण्याचे आवाज येत होते, प्रत्येकाची जात वेगळी. दगडावर आपटणारे, पानांतून गळणारे, मोरीतून गडगडणारे. आणि त्या सगळ्यांवर एक शीळ. कोणीतरी निवांत, बेसूर नव्हे पण सूर अर्धवट सोडून देत, शीळ घालीत होते. हा शीळकरी कस्तूर. पावसाळा हा त्याच्या विणीचा काळ, म्हणून तो त्या दिवसांत असा गात असतो. इंग्रजांनी त्याला शीळ घालणारा शाळकरी मुलगा असे टोपणनाव दिले आहे. मुख्याध्यापकाच्या कानांना ती शीळ ओळखीची वाटली यात नवल नाही. शाळेला उशीर झालेला आणि त्याची मुळीच फिकीर नसलेला मुलगा अगदी अशीच शीळ घालतो. फरक इतकाच की याला वर्गाबाहेर उभे करण्याची इच्छा झाली नाही.

थोड्या वेळाने झाडी संपली आणि गाडी उघड्या सड्यावर आली. सडा म्हणजे जांभ्या दगडाचे पठार. उन्हाळ्यात तापलेल्या तव्यासारखे आणि ओसाड. पावसाळ्यात त्याच्या बोटभर मातीवर इवल्या इवल्या फुलांची अशी काही दाटी होते की पाय कोठे ठेवावा याचा संकोच पडतो. रस्ता तेथील एका लहानशा देवळापाशी संपला. आम्ही उतरलो. धुके अजून होते. अक्का देवळाच्या पायरीवर टेकली आणि मी घड्याळ पाहिले. साडेतीन वाजून गेले होते. तेवढ्यात खालून वारा आला.

तो वारा खालच्या कोकणपट्टीतून दरी चढून येतो. त्याने धुके असे उचलले की कोणी अंथरुणावरची चादर झटकून बाजूला करावी. आमच्यापासून वीस-पंचवीस पावलांवर जमीन संपत होती. तिच्यापुढे हिरवा काळोख, त्यात उभ्या पांढऱ्या रेघा. एक, दोन, पाच, मग मोजणे सोडून दिले. खूप खाली पाण्याचा एक करडा तुकडा चमकत होता. "अंजुण्याचे धरण," अक्का म्हणाली. केरीजवळचे हे धरण साखळीच्या माणसाला घरच्या विहिरीसारखे ओळखीचे. पण ते वरून असे तिने आयुष्यात पाहिले नव्हते. चाळीस वर्षे ती घाटाच्या खाली नांदली, माहेरी ये-जा केली ती बसच्या खिडकीतून, बहुधा मुलांना मांडीवर घेऊन आणि वळणांनी ढवळणारे पोट सांभाळीत.

देवळामागून एक ओहोळ निघाला होता. ओहोळ म्हणणेही जास्तच. ओंजळभर रुंदीचे पाणी. ते थेट कड्याकडे धावत होते. आणि त्याच्यापासून शंभरेक पावलांवर, सड्याच्या किंचित उंचवट्यापलीकडे, तसेच दुसरे पाणी उलट दिशेला, आम्ही आलो त्या रानाकडे, हळूहळू चालले होते. मी अक्काला दोन्ही दाखवले. हे तुझे साखळीचे आणि ते आपले खानापूरचे. तिने आधी पुस्तकी बडबड म्हणून मान डोलावली. मग तिला ते खरोखर कळले असावे. ती उठली, कड्याकडच्या पाण्यात तिने हात बुडवला, ओला हात डोळ्यांना लावला, आणि म्हणाली, "लग्न झाले तेव्हा वाटे, किती लांब दिले मला!"

याच पाण्यावरून राज्याराज्यांत वाद आहेत, हे वाचक जाणतातच. म्हादईच्या पाण्यासाठी २०१० साली लवाद नेमला गेला, २०१८ साली त्याने निवाडा दिला आणि त्यानंतरही प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. कोणाची बाजू न्याय्य, या चर्चेचे हे स्थळ नव्हे, आणि माझा तो अधिकारही नव्हे. तहान दोन्हीकडे खरी आहे. मला त्या ठिकाणी एवढेच जाणवले की ज्या पाण्याविषयी हजारो पाने लिहिली गेली, ते जन्मतः एका बाईच्या ओंजळीत मावते. १९५६ साली बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. १९६१ च्या डिसेंबरपर्यंत घाटाखाली पोर्तुगिजांचा अंमल होता. आमची पिढी या तारखा पाठ करीत वाढली. सड्यावरच्या त्या उंचवट्याला यांतली एकही तारीख ठाऊक नव्हती.

पण अंधार कोणाची वाट पाहत नाही. देवळापासून एक पायवाट खाली गेली होती आणि तिकडून मुलांच्या पाढ्यांचा गलका येत होता. माझे पाय आपोआप तिकडे वळले. दोन खोल्यांची सरकारी मराठी शाळा होती; भिंतीवर कानडी आणि मराठी, दोन्ही मुळाक्षरे रंगवलेली. पटावर अकरा मुले, आणि चार इयत्तांना मिळून एक तरुण शिक्षक. मी कोण हे कळताच तो बिचारा तपासणी आली असे समजून दप्तर काढू लागला. वाट विचारावयास आलो आहे, असे सांगितल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला, तो पाहून तपासणी करणाऱ्या सर्वांनीच वर्षातून एकदा तरी वाट चुकावी असे मला वाटले.

हा शिक्षक घटप्रभेकडचा, गावात नवा. त्याने चौथीतल्या एका मुलाला पुढे बोलावले. "सरांना घाटाची वाट सांग बघू." मुलाने खडू घेतला आणि फळ्यावर नकाशा काढावयास सुरुवात केली. त्यात उत्तर-दक्षिण नव्हती, किलोमीटर नव्हते, राज्यांच्या सीमा तर नव्हत्याच. देऊळ होते. गवे पाणी प्यावयास उतरतात तो खळगा होता. मामाच्या घराकडचा चावरा कुत्रा होता आणि त्याच्यापाशी सावध राहण्यासाठी फुली मारलेली होती. पडलेला फणस, मोरी, पिंपळ, आणि पिंपळापाशी दोन रस्ते. त्यांतला कोणता धरावा, असे विचारताच तो माझ्याकडे अशा नजरेने पाहू लागला की जणू मी एक अधिक एक किती असे विचारले होते. "गटारातलं पाणी आपल्यासंगट चालाय लागलं की घाट आला म्हणायचं. पाणी सामोरं आलं तर माघारी फिरायचं." जलविभाजकाची याहून चांगली व्याख्या मी कोणत्याही क्रमिक पुस्तकात वाचलेली नाही. मी ती वहीत उतरवून घेतली. चिरंजीवांनी फळ्याचे छायाचित्र घेतले. नकाशा अखेर मोबाइलमध्ये गेला तो असा.

गावाचे नाव मी मुद्दामच देत नाही. रविवारी मोटारी भरभरून येणारी, बाटल्या फोडून जाणारी हौशी मंडळी चोर्ल्याच्या मुख्य रस्त्यावर पुरेशी आहेत. ज्याला खरेच जावयाचे असेल त्याने सकाळी लवकर निघावे, पेट्रोल बेळगावातच भरून घ्यावे, जळवांसाठी मिठाची पुरचुंडी जवळ ठेवावी आणि धुक्याच्या दिवसांत घाट दिवसाउजेडी उतरावा. भर पावसात दरडी येतात, तेव्हा या वाटेला जाऊ नये हेच बरे. बाकी गाव ज्याचे त्याला सापडेल.

आम्ही निघालो तो त्या मुलाची आजी गाडीपाशी येऊन उभी होती. आम्ही घाट उतरणार ही बातमी आमच्याआधी गावभर झाली होती. "वाट चुकलासा काय? बरं झालं," म्हातारी सरळ म्हणाली. तिची लेक केरीला दिलेली. दर वर्षी चतुर्थीआधी म्हातारा रानातून माटोळीचे सामान गोळा करी आणि पायवाटेने घाट उतरून लेकीकडे पोहोचवी. म्हातारा गेल्या वर्षी वारला. मुलगा कामासाठी पुण्याला. सामान काढून ठेवले होते, पण नेणारे कोणी नव्हते. तिने एक धोतराचे गाठोडे पुढे केले. अक्काने ते तिथेच सोडून पाहिले, आणि दोघी बायका आम्हां पुरुषांना साफ विसरून रस्त्यावरच उकिडव्या बसल्या. लालभडक कवंडळे, पिवळ्या कांगल्यांचे घोस, घागऱ्या, आंबाडे, आणि बाळाएवढे एक तवसे. अक्का एकेकाचे नाव घेई आणि म्हातारी तेच नाव जरा वेगळ्या उच्चाराने उलट सांगे. बाजारात हे मिळते, पण सुकलेले, अक्का मला नंतर म्हणाली. म्हातारीने गुळाचा कोरा चहा पाजल्याशिवाय सोडले नाही. साडेचार वाजले होते. अक्का एकदाही घड्याळाविषयी बोलली नाही.

पिंपळ लागला, पडलेला फणस लागला, कुत्राही सांगितल्या जागी होता आणि वर्णनाबरहुकूम भुंकला. मुख्य रस्त्यावर आलो तेव्हा चिरंजीव मान बाहेर काढून गटाराकडे पाहत गाडी चालवीत होते. काही अंतर पाणी स्थिर वाटले. मग एका वळणावर ते आमच्या बाजूने धावू लागले आणि आम्ही तिघेही एकदम ओरडलो. मीही ओरडलो, हे सांगावयास संकोच वाटत नाही.

घाट उतरताना उजेड होता. केरीला पोहोचलो तेव्हा आजोबाच्या देवळाकडून आरतीचा आवाज येत होता. म्हातारीच्या लेकीचे घर शोधण्यास वेळ लागला नाही. दारात अनोळखी गाडी पाहून ती थबकली. अक्काने गाठोडे पुढे केले. धोतराचे ते काठ तिने ओळखले असणार, कारण गाठ न सोडताच तिने ते छातीशी धरले. मग विचारले, "आवय कशी आसा?" अक्काने सांगितले की बरी आहे, चहात गूळ जरा जास्त घालते. त्यावर ती हसली आणि पदराने डोळे पुसत आत गेली. तिच्या ओसरीत माटोळीची रिकामी चौकट टांगलेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी, अक्काला तिच्या माटोळीपाशी सोडून, आम्ही बापलेक परत निघालो. आमच्याही घरी गणपती यावयाचा होता. गाडीत मागे पाच नारळ, आमसुलांची पुडी आणि एक नवे लुगडे होते. ते वर पोहोचवावयाचे होते, म्हणून पिंपळापाशी आम्ही आपण होऊन आडवाट धरली. म्हातारीने लुगडे उघडून पाहिले नाही. आधी तवसे आवडले का ते विचारले.

शाळा भरलेली होती. मी आत डोकावलो. मुले कानडी बाराखडी गिरवीत होती. फळ्याच्या अर्ध्या भागावर कालचा नकाशा तसाच होता, कुत्र्याच्या फुलीसकट. त्याभोवती शिक्षकाने चौकोन आखून वर लिहिले होते, ‘पुसू नये.’